दाराखालची दोन सेंटिमीटरची फट: नव्या बाथरूमच्या देखभालीचं एक प्रकरण

काकूंनी फोन केला तो बाथरूम दुरुस्त करून घेण्यासाठी नव्हे. "एकदा येऊन बघा आणि माझं काय चुकतंय ते मला सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या घरातली बाथरूम पूर्ण तोडून नव्याने केली होती. आता टाइलच्या सांध्यांत काळं धरलं होतं, नळांचा रंग उतरल्यासारखा दिसत होता, गटाराचा वास येत होता आणि बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीवरचा रंग फुगून सुटायला लागला होता. ठेकेदार म्हणत होता, वापर नीट नाही. मुलगा म्हणत होता, काम कच्चं झालं. या दोघांच्या मध्ये सापडल्या होत्या काकू, ज्या रोज सकाळी अर्धा तास खाली बसून फरशी घासत होत्या.

घरांमधल्या अशा कामांची पाहणी करणं हा माझा व्यवसाय आहे. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे बिघाडाची एकेक कडी पुढच्या कडीत अडकली होती. पहिली कडी सापडेपर्यंत बाकीच्यांवर घेतलेली सगळी मेहनत नुकसानच वाढवत होती.

बाथरूम आणि वापर

बाथरूम आठ बाय पाच फुटांची. जुनी फरशी स्लॅबपर्यंत काढून नवं वॉटरप्रूफिंग केलेलं, खाली मॅट व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना छतापर्यंत ग्लेझ्ड टाइल. मधोमध काचेचं पार्टिशन घालून शॉवरचा ओला भाग आणि बेसिन-कमोडचा कोरडा भाग वेगळा केलेला. मॅट काळ्या रंगाचे नळ, भिंतीला टांगलेला कमोड, त्याची टाकी भिंतीच्या आत लपवलेली, नवा एक्झॉस्ट पंखा, आणि जुन्या फुगलेल्या दाराच्या जागी चौकटीत घट्ट बसणारं नवं दार. काम दिसायला देखणं होतं, हे आधीच सांगतो. टाइलच्या रेषा भिंतीवरून फरशीवर सरळ उतरत होत्या, कोपरे साफ कापलेले होते. गवंडी हाताचा चांगला होता.

घरात पाच माणसं. सकाळी सहा ते साडेनऊ या वेळात पाच आंघोळी, त्यातल्या तीन कडक गरम पाण्याच्या. साडेनऊनंतर काकूंची सफाई, मग दार बंद. "बाथरूमचं दार उघडं टाकलेलं बरं दिसत नाही," हा घरातला दंडक होता.

दोन वेळांची पाहणी

नवी बाथरूम तपासायची असेल तर मी दोन वेळा बघतो. एकदा सकाळी शेवटची आंघोळ झाल्या झाल्या, आणि एकदा दुपारी दोनच्या सुमारास. सकाळी पाणी कुठे पडतं ते कळतं, दुपारी ते कुठे मुक्काम करतं ते कळतं. माझ्या मते दुसरी वेळ जास्त महत्त्वाची.

त्या दिवशी दुपारी दोनला दार उघडलं तर दमट हवेचा झोत तोंडावर आला. शेवटची आंघोळ होऊन साडेचार तास झाले होते. तरी शॉवरच्या कोपऱ्यातल्या टाइल ओल्या होत्या, काचेच्या खालच्या पट्टीत पाणी साचलेलं होतं, शाम्पूच्या बाटल्या उचलल्या तर प्रत्येकीखाली चिकट ओली चकती होती. घासायचा काथ्या भिजलेला, कोपऱ्यात टेकून ठेवलेला. आरशाच्या खालच्या कडेला काळे ठिपके यायला सुरुवात झाली होती.

मग खाली बसून सांधे बघितले. शॉवरखालच्या फरशीतले सांधे टाइलच्या पातळीपेक्षा चांगलेच खोल गेले होते. नखाने हलकं खरवडलं तर नखात वाळूचे बारीक कण आले. हेच ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला सिमेंटचा मसाला, बेसिनखालच्या कोरड्या कोपऱ्यात पाहिलं तर ते गुळगुळीत, भरीव, मूळ राखाडी रंगाचं होतं. एकाच दिवशी, एकाच पिशवीतून भरलेलं ग्राउट दोन जागी इतकं वेगळं दिसतंय म्हणजे दोष मालाचा नसतो. त्या जागेवर काहीतरी वेगळं ओतलं जात असतं.

भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात काळी रेष होती आणि त्या रेषेच्या आत एक बारीक चीर, कागदाची कड जेमतेम जाईल एवढी. हा मात्र कामातलाच दोष. भिंत आणि फरशी तापमानाने, वजनाने वेगवेगळ्या हलतात. तिथे सिमेंटचं ग्राउट भरलं की ते आज ना उद्या फाटतंच, म्हणून त्या रेषेत लवचीक सिलिकॉन लागतं. इथे कोपऱ्यातही सरसकट ग्राउटच फिरवलेलं होतं.

पंख्याची गोष्ट

मी पंखा सुरू केला तसं काकू लगेच म्हणाल्या, "अहो, तो नका लावू. तो लावला की वास वाढतो. म्हणून आम्ही तो लावतच नाही."

मी तिथेच थांबलो. पंखा लावल्यावर वास कमी व्हायला हवा. तो वाढत असेल तर पंखा हवा कुठून ओढतोय, हे शोधायला हवं होतं.

टिश्यू पेपरचा एक तुकडा घेतला, दार आतून लावलं आणि तो पंख्याच्या जाळीवर धरून सोडला. कागद खाली पडला. पंखा जोरात फिरत होता, आवाज भरपूर होता, पण पेपरचा कपटाही धरून ठेवत नव्हता. मग दार चार बोटं उघडलं आणि तोच कागद पुन्हा जाळीवर टेकवला. चटकन चिकटला.

पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यावी लागते. नवं दार खाली फरशीला जवळपास घासत होतं, बाजूने चौकटीत गच्च बसत होतं. खिडकीची काच पक्की होती. हवेला यायला वाटच नव्हती. सहा इंची पंख्याचं तोंड साधारण 175 चौरस सेंटिमीटरचं असतं. अडीच फुटी दाराखाली दोन सेंटिमीटरची फट सोडली तर सुमारे 150 चौरस सेंटिमीटर वाट मिळते, म्हणजे जवळपास पंख्याच्या तोंडाइतकी. जुनं दार खालून कुजलेलं होतं, त्यामुळे ही फट आपोआप मिळत होती. नवं दार नीटनेटकं बसवलं आणि बाथरूमचा श्वास कोंडला.

मग पंखा हवा ओढत कुठून होता? बेसिनजवळच्या, कोरड्या भागातल्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आत टॉर्च मारला. ट्रॅपमध्ये पाणी असेल तर उजेड चमकून परत येतो. इथे तळाशी साबणाचा वाळलेला थर दिसला, पाण्याचा थेंब नाही. ट्रॅपमध्ये उभं राहणारं साधारण पाच सेंटिमीटर पाणी हेच गटारातली हवा अडवणारं झाकण असतं. जुन्या बाथरूममध्ये सगळीकडे पाणी उडायचं, त्यामुळे हा ट्रॅप रोज भरायचा. काचेचं पार्टिशन आल्यापासून तिकडे पाणी जाणंच बंद झालं, आणि आठवडे उलटले तसं आतलं पाणी वाफ होऊन संपलं. दार बंद करून पंखा लावला की आत हवेचा दाब कमी व्हायचा आणि पंखा सरळ गटारातली हवा खोलीत खेचायचा.

एक मग पाणी त्या ट्रॅपमध्ये ओतलं, दार थोडं उघडं ठेवून पंखा पुन्हा लावला. अर्ध्या तासात वास गेला. काकू दारात उभ्या राहून दोनदा आत डोकावल्या. सहा महिने ज्या वासामागे त्या लागल्या होत्या तो एक मग पाण्याने गेला, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

बेसिनखालचं कपाट

वासासाठी त्या काय काय वापरत होत्या, हे मी हळूच विचारलं. बेसिनखालचं कपाट उघडून त्यांनी दाखवलं. फरशीसाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेलं कडक क्लीनर, काळ्या डागांसाठी ब्लीच, नाल्यासाठी कॉस्टिक सोड्याची पूड, खूप फेस करणारं फिनाईल. आठवड्यातून दोनदा ॲसिड, इतर दिवशी घासणं.

कपाटाकडे बघताच पुरावा समोर होता. दाराच्या बिजागऱ्या तांबूस गंजल्या होत्या. बेसिनला पाणी आणणाऱ्या लवचीक पाइपांच्या स्टीलच्या विणीवर तपकिरी ठिपके पडले होते. तिथे पाणी कधीच सांडलेलं नव्हतं. ॲसिडच्या बाटलीचं झाकण सैल होतं, आणि तिच्यातून निघणाऱ्या वाफांनी सहा महिन्यांत बंद कपाटातलं स्टील खाल्लं होतं. पाइपाची वीण अशी गंजत गेली की एक दिवस पाइप फुटतो, आणि तो फुटतो तेव्हा घरात कुणी नसेल तर पूर्ण घरात पाणी होतं. ते दोन पाइप मी त्याच दिवशी बदलायला सांगितले. बाकी काहीही नंतर करा, हे आधी.

सांध्यांचं कोडंही इथेच सुटलं. घट्ट झालेल्या सिमेंटमधली चुन्याची संयुगं ॲसिडमध्ये विरघळतात. ती गेली की वाळू सुटी होते, सांधा खडबडीत होतो, पाणी जास्त धरतो, साबणाचा आणि अंगाचा मळ त्यात अडकतो, त्यावर बुरशी वाढते. काळं दिसलं की काकू पुन्हा ॲसिड घालायच्या. ते दोन दिवस पांढरं दिसायचं, कारण वरचा थर निघून जायचा. उंबऱ्याच्या संगमरवरी पट्टीवरून मी बोट फिरवलं. मधला भाग, जिथे फरशी धुतलेलं पाणी वाहून यायचं, तो निस्तेज आणि बोटाला खरखरीत लागत होता. दोन्ही टोकांना मूळ चकाकी शाबूत होती. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला तर व्हिनेगरही सहन होत नाही. नळांवरचा निस्तेजपणा तसाच, शिंतोडे उडाले त्या आकाराचा.

बोलता बोलता काकू म्हणाल्या, "एकदा दोन्ही एकदम घातलं तर डोळे इतके चुरचुरले, खोकला थांबेना. मी बाहेर येऊन बसले." ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद दाराच्या, बंद पंख्याच्या, आठ बाय पाचच्या खोलीत तो जिवावर बेतू शकतो. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल, पण ही एक गोष्ट मी प्रत्येक घरात आवाज चढवूनच सांगतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण हेही एकत्र आणू नये, त्यातूनही विषारी वायू निघतो. एका दिवशी एकच पदार्थ, आणि आधीचा पाण्याने पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

बाहेरची भिंत

रंग फुगलेली भिंत शॉवरच्या नळाच्या बरोबर मागे होती. घरच्यांना वाटत होतं आतला पाइप फुटलाय, टाइल फोडावी लागणार. मी फोडाफोडीला शेवटपर्यंत विरोध करतो. आधी तपासण्या.

पहिल्यांदा घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे तासभर बघितलं. काटा हलला नाही, म्हणजे दाबाखालचा पाइप गळत नव्हता. मग शॉवरच्या भागातला नाला बुजवून फरशीवर पाणी उभं केलं, टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण केली आणि चोवीस तास थांबलो. पातळी जवळपास तिथेच राहिली, भिंतीवर नवी ओल आली नाही. म्हणजे फरशीखालचं वॉटरप्रूफिंग धड होतं, आणि ही माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत चांगली बातमी होती. तिसऱ्या दिवशी शॉवरचं पाणी फक्त भिंतीच्या खालच्या भागावर अर्धा तास सोडलं. काही नाही. मग ते नळाच्या मिक्सरभोवती सोडलं. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या भिंतीवरचा डाग गडद झाला.

मिक्सरची गोल फ्लँज, म्हणजे टाइलवर टेकणारी चकती, पुढे सरकवली तर मागे टाइलमध्ये पाडलेलं भोक फ्लँजच्या जवळजवळ कडेपर्यंत मोठं होतं आणि मागे काहीही भरलेलं नव्हतं. अंगावरून उडालेलं पाणी फ्लँजवरून आत शिरून थेट विटांमध्ये जात होतं. रोज पाच आंघोळी. भोकाभोवतीची पोकळी भरून फ्लँजच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलं, खालची थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली. कधी पाणी आत गेलंच तर त्याला बाहेर यायला वाट हवी.

कड्या जुळवल्यावर

दार घट्ट म्हणून पंख्याला हवा नाही. पार्टिशनमुळे कोरडा ट्रॅप. पंखा लावला की गटाराची हवा आत. म्हणून पंखा बंद, आणि वासावर उपाय म्हणून ॲसिड. पंखा बंद म्हणून खोली ओली, ॲसिडमुळे सांधे खडबडीत, आणि ओलं अधिक खडबडीत म्हणजे बुरशीचं माहेरघर. बुरशीवर पुन्हा ॲसिड. हवा 28 अंशांवर असेल आणि आर्द्रता 80 टक्के, तर 24 अंशांच्या आसपास थंड असलेल्या टाइलवर पाणी धरतं. इथे तर सकाळी आर्द्रता याहून जास्त असणार. त्या भिंती कोरड्या होणंच शक्य नव्हतं, कितीही घासल्या तरी.

काकूंना मी सगळ्यांसमोर सांगितलं की घासण्यात त्या कुठेही कमी पडल्या नाहीत. त्यांच्या हातात चुकीचा पदार्थ होता आणि काम हातात देताना कुणी त्यांना दोन वाक्यंही सांगितली नव्हती. ग्राउट भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी आंघोळी सुरू केल्या, हेही तेव्हाच कळलं. सिमेंटची ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. ग्राउटला पहिले दोन-तीन दिवस पाण्याच्या माऱ्यापासून आणि घासण्यापासून जपावं लागतं, कडक क्लीनर तर महिनाभर दूर ठेवावं लागतं. इथे ते पहिल्याच आठवड्यात आलं. ज्याने बाथरूम केली त्याने हे सांगायलाच हवं होतं. टाइल सरळ बसवणं हे निम्मं काम झालं.

काय तोडलं, काय ठेवलं

मुलाचा आग्रह होता की शॉवरखालची फरशी उचलून पुन्हा करा. काचेजवळ दोन टाइलच्या सांध्यापाशी पाणी थांबत होतं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. बाकीच्या भागात ढाळ मीटरला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास होता, म्हणजे पुरेसा. नाण्याने टाइल वाजवून बघितल्या, कुठेही पोकळ आवाज आला नाही. मी स्पष्ट नकार दिला. खालचं वॉटरप्रूफिंग चोवीस तासांच्या परीक्षेत उतरलेलं होतं. दोन टाइल उचलायच्या म्हणजे छिन्नी त्या थरापर्यंत जाणार, आणि जुन्या-नव्या थराचा जोड हा पुढे गळणारा जोड होऊ शकतो. दोन मिलिमीटर पाणी वायपरने निघतं. फाटलेलं वॉटरप्रूफिंग सांधता सांधत नाही. मुलाला हे लगेच पटलं नाही. त्याने खर्च केला होता, त्याला ती फरशी निर्दोष हवी होती, आणि त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. दोन दिवसांनी त्याने स्वतःच फोन करून "राहू दे" म्हटलं.

दार उतरवून खालून दोन सेंटिमीटर कापलं, कापलेली कड रंगाने बंद केली. पंख्याला टायमर लावला, दिवा बंद केल्यावरही पंचवीस मिनिटं चालणारा. मग बाथरूम चार दिवस पूर्ण बंद, दार उघडं, पंखा सुरू. सांधे आतपर्यंत कोरडे झाल्याशिवाय नवं काही भरू नये. सगळं घर घाईत होतं, पण या चार दिवसांवर मी अडून बसलो.

ओल्या भागातले खराब सांधे हत्याराने खोलवर, निदान दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, खरवडून काढले, धूळ ओढून घेतली आणि इपॉक्सी ग्राउट भरलं. इपॉक्सी पाणी पीत नाही, घरगुती क्लीनर पचवतं. मात्र भरल्यावर टाइलवर राहिलेला त्याचा पातळ थर वेळेत पुसला नाही तर तो कायमचा बसतो. म्हणून एकजण भरत गेला आणि दुसरा ओल्या स्पंजने मागोमाग पुसत गेला, पाणी सारखं बदलत. कोरड्या भागातलं सिमेंट ग्राउट चांगलं होतं, त्यावर फक्त सीलर, म्हणजे पाणी आत शोषू न देणारं द्रावण, लावला. तो अजून काम करतोय का, हे बघणं सोपं आहे: सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा. मण्यासारखा राहिला तर ठीक, शोषला जाऊन डाग गडद झाला तर पुन्हा लावायची वेळ झाली.

कोपऱ्यातलं ग्राउट पूर्ण काढलं. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं घेतलं, कारण साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि शेजारी संगमरवरी पट्टी होती. दोन्ही बाजूंना टेप, मधे एक सलग रेष, बोट फिरवून घोटली, ओली असतानाच टेप ओढला. चोवीस तास पाणी नाही.

कमोडच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबलो. भांड्याच्या आत टिश्यू फिरवला तर तो रंगला. टाकीचं रबरी सील झिरपत होतं. टाकीत निळी गोळी टाकायची सवय होती. अशा काही गोळ्यांत क्लोरीन असतं, ते रबर कडक करतं. सील बदललं, गोळ्या बंद. अशी टाकी भिंतीत लपलेली असली तरी फ्लशची पट्टी काढून आत हात जातो, भिंत फोडावी लागत नाही. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं.

नवी दिनचर्या

काकूंना मी कागदावर लिहून दिलं ते थोडक्यात असं होतं. जो शेवटी आंघोळ करेल त्याने वायपर घेऊन काच आणि भिंती वरून खाली ओढायच्या, मग फरशी नाल्याकडे, काचेजवळच्या त्या दोन टाइल शेवटी. दीड-दोन मिनिटांचं काम. बाटल्या जमिनीवर नाहीत, जाळीच्या रॅकवर. काथ्या टांगून. पंखा टायमर बंद होईपर्यंत चालू द्यायचा, नंतर दार हातभर उघडं. "दिसायला बरं नाही" यावर घरात चर्चा झाली, शेवटी आजोबांनी दाराला छोटा अडकणारा हुक लावून तोडगा काढला.

सफाईला रोज काही लागत नाही. आठवड्यातून दोनदा भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब बादलीभर कोमट पाण्यात, मऊ ब्रश, आणि मग स्वच्छ पाणी. लिक्विड जास्त झालं की त्याचाच थर राहतो आणि त्यावर मळ धरतो. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून काचेवर पांढुरका पडदा धरतात. तो वायपरने रोज निघाला तर कधी जमतच नाही. जमलाच तर व्हिनेगर आणि पाणी समसमान, कापडावर घेऊन, फक्त काचेवर. काही मिनिटांनी धुऊन कोरडं. संगमरवरावर नाही, काळ्या नळांवर नाही. नळ फक्त ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडे करायचे. नळाच्या तोंडाची जाळी मात्र काढून वेगळी व्हिनेगरमध्ये भिजवता येते, धार वाकडी जायला लागली की. आरशावर फवारा थेट मारायचा नाही. द्रावण कडेतून मागे शिरतं आणि काळे ठिपके वाढतात. कापडावर घ्यायचं.

कोरड्या ट्रॅपमध्ये दर रविवारी एक मग पाणी. शॉवरच्या नाल्याची जाळी त्याच दिवशी उचलून केस काढायचे, मग कॉस्टिकची गरजच पडत नाही. गीझरच्या जोडणीवर वीजगळती तोडणारा स्विच आहे, त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघायचं.

नंतर

एका महिन्याने दुपारी दोन वाजताच गेलो. कोपरा कोरडा, काचेची पट्टी कोरडी, सांधे राखाडी. टिश्यू दार बंद असताना जाळीवर चिकटून राहिला. कपाटात फक्त लिक्विडची बाटली आणि व्हिनेगर. काकूंची सकाळची सफाई अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आली होती. "हात मोकळे वाटतात," म्हणाल्या, आणि हात पुढे करून दाखवले. बोटांच्या भेगा बुजल्या होत्या. सहा महिने ॲसिडने त्यांच्या हातांचं काय होत होतं, हे मी पाहणीच्या वेळी विचारायला हवं होतं.

सगळं भरून आलं नाही. संगमरवरी पट्टीची चकाकी गेली ती गेली, ती घासून पॉलिश करावी लागेल. काचेच्या तळाशी चार बोटं उंचीचा धूसर पट्टा राहिला, तिथे काच कोरली गेली आहे. दोन नळ निस्तेजच आहेत.

बाहेरच्या भिंतीला रंग लावायची घाई मी करू दिली नाही. विटांमधली ओल निघायला आठवडे लागतात. सुटलेला रंग आणि पोकळ झालेला प्लास्टर तेवढा काढून भिंत उघडी ठेवली. अडीच महिन्यांनी तिथे फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवला. दोन दिवसांनी काकूंनी तो उलगडून आतल्या बाजूवरून तळहात फिरवला. हात कोरडा होता. दुसऱ्या दिवशी रंगारी आला.